सड्यावरचा लाल दिवा

हे मी कुणाला सांगणारच नव्हतो. पण आता माशांच्या बाजारात बांगडे घ्यायला उभा राहिलो तरी मागून कुणीतरी "व्हय म्हाराजा!" म्हणून ओरडतं आणि सगळा बाजार फिदीफिदी हसतो. म्हटलं, लोकांकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा तुम्ही माझ्याच तोंडून ऐका. आणि तो कप जरा खाली ठेवा. माझ्या मेव्हण्याने हा किस्सा ऐकताना गरम चहा माझ्याच लेंग्यावर सांडला होता.

तर मी तहसील कचेरीत छत्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. गावात सगळे नाना म्हणतात. निवृत्तीनंतर माझी एकच इच्छा होती. पडवीत आरामखुर्ची टाकावी आणि कुणीही माझ्यासमोर कागद धरू नये. फार मागितलं का हो मी? गुडघे गेलेले, कंबर जायच्या मार्गावर. पण सरकारला निवृत्त माणसाचा वास बरोबर लागतो.

आमचं गाव तोंडवलीच्या वरच्या अंगाला. गावाच्या डोक्यावर कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार, सड्याच्या मागे राखीव जंगल. सड्यावर उभं राहिलं की एकीकडे समुद्र दिसतो, दुसरीकडे लांबवर सह्याद्रीची रांग. म्हणजे आम्हाला दिसते. सरकारचं म्हणणं पडलं की पूर्वीसारखी दिसत नाही, मध्ये धुरकं साचतं. म्हणून 'राखीव वनक्षेत्र धुरके निवारण व दृश्यमानता संरक्षण आराखडा' निघाला. नुसतं नाव वाचूनच मला दम लागला!

होळीच्या आधी ग्रामपंचायतीत सभा झाली. पुण्याहून कुलकर्णी मॅडम आल्या होत्या. बाई हुशार आणि बोलायला गोड. त्यांनी सांगितलं, "सड्यावर एक यंत्र बसवणार आहोत. हवेत धूर आणि धूळ किती, ते मोजेल. हवा स्वच्छ असली की हिरवा दिवा, मध्यम असली की पिवळा, वाईट असली की लाल. मग धूर कुठून येतो ते शोधायचं आणि त्याप्रमाणे नियम करायचे."

"नियम म्हणजे?" भाई परब उठला. भाई माझा शेजारी. दोन एकर भात, थोडे काजू, आणि जीभ मात्र सगळ्या तालुक्याला पुरेल एवढी.

"म्हणजे लाल दिवा सारखा लागायला लागला, तर तुमची तरव्याची भाजणी बंद करावी लागेल, काका."

तरवा म्हणजे भाताची रोपं करायची जागा. पावसाआधी तिच्यावर पालापाचोळा, तोडलेल्या फांद्यांचं कवळ, शेण पसरून ती भाजून काढतात. तण मरतं, राख मुरते, मग रोप जोमात येतं. आमच्या खापरपणजोबांपासून चालत आलेलं काम! आणि ह्या बाई म्हणतात बंद.

"मग आम्ही भात काय फ्रीजमध्ये पेरायचं?" भाईने कचेरीतल्या मराठीत विचारलं.

"अजून काहीच ठरलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "दिवा हिरवा राहिला तर तुम्हाला कोण अडवणार? फक्त मोजणी संपेपर्यंत भाजू नका, एवढी विनंती. आणि गावातला एक प्रामाणिक माणूस हवा. रोज सकाळी आठला वर जायचं, यंत्र पुसायचं, दिव्याचा रंग वहीत लिहायचा. समुद्र दिसतो की नाही, डोंगर दिसतो की नाही, तेही लिहायचं."

सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. उपयोग काय? अध्यक्षांनी नाव घेतलं, टाळ्या पडल्या, झालो मी निरीक्षक.

घरी आल्यावर मंदाने, म्हणजे आमच्या मंडळींनी, एकच प्रश्न केला. "रोज सडो चडतलास? गुडघे कोणाचे घेवन जातलास, माझे?"

दुसऱ्या दिवशी भाई कुंपणावरून वाकून म्हणाला, "नाना, दिवो खंयचोय पेटांदे, तुमी आपलो हिरवोच लिवा. गावाच्या पोटाचो प्रश्न आसा."

मला राग आला. "भाई, छत्तीस वर्षांत एक खोटी नोंद केलेली नाही. जो रंग दिसेल तोच लिहिणार!"

"लिवा, लिवा. मगे जेवूक पण तोच रंग वाडा आमका."

पण मनातून मीही घाबरलो होतो. दिवा लाल लागला तर गावाचे तरवे माझ्याच अक्षरात बुडणार होते. माझा स्वतःचाही एक वाफा त्यात होता.

यंत्र बसलं. लोखंडी खांबावर पांढरा डबा, वर सौरपट्टी, पुढे हवा आत ओढायचं तोंड, बाजूला दिवा. पहिला आठवडा हिरवा! समुद्र दिसतो, डोंगर दिसतो, दिवा हिरवा. मी इतक्या सुवाच्य अक्षरात लिहीत होतो की मलाच माझं कौतुक वाटायचं.

मग वांदर आले. एका सकाळी वर जाऊन बघतो तर डब्यावर एक बसलेला, दुसरा खालून वायर ओढतोय. हुसकावले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मी देवळाच्या बाबल गुरवाला विचारलं, आता काय करू?

बाबलने पान चघळत माझ्याकडे बघितलं. "नाना, डबो बसवच्या आदी राखणदाराक इचारलास?"

आता राखणदार म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. प्रत्येक जागेला तिचा राखणदार, म्हणजे ती सांभाळणारा देव, असतो. सड्यालाही आहे. त्याच्या जागेत काही करायचं तर आधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. हे मॅडमना कसं ठाऊक असणार? पण मला ठाऊक होतं! माझ्या लक्षात कसं आलं नाही, याची मलाच शरम वाटली.

लगेच नारळ, विडा, उदबत्ती घेऊन आम्ही वर गेलो. सोबत वाडीतली पाच-सात माणसं. बाबलने खड्या आवाजात सुरुवात केली.

"हे बा राखणदारा म्हाराजा! आज ह्या नानाच्या हातान तुका जो काय नारळ-इडो ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"सरकारान तुझ्या जाग्यार जो काय डबो बसयलेलो आसा, तेच्यार वांदर-माकड, काय इडापिडा येत आसात, ती भायल्या भायर काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तेचो दिवो सदासर्वकाळ हिरवोगार ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" ह्या वेळी भाई सगळ्यात मोठ्याने ओरडला.

वांदर गेले. खरंच गेले! त्या दिवसापासून मी नेम केला. रोज आठला वर पोचलो की आधी राखणदाराला उदबत्ती, मग सरकारी काम. खांबाला डब्याच्या तोंडाखाली एक भोक होतं, उदबत्तीची काडी बरोबर बसेल एवढं. मला वाटलं, बनवणारा माणूस आपल्याकडचाच असणार. सड्यावर वारा मेला एक मिनिट स्वस्थ बसू देत नाही, काडी विझते. म्हणून मी छत्री उघडून आडोसा करायचो आणि ती नीट पेटेपर्यंत हात जोडून उभा राहायचो. मग चष्मा पुसायचा, वही उघडायची आणि दिवा बघायचा.

दुसऱ्या आठवड्यात दिवा पिवळा.

समोर समुद्र लखलखीत दिसत होता, लाटांच्या पांढऱ्या रेघा मोजता येत होत्या. पण दिवा पिवळा! आता डोळ्यांना सरकारी मान्यता असते का? दिव्याला असते. मी लिहिलं, 'समुद्र दिसल्यासारखा वाटतो.'

मी धूर शोधायला लागलो. आधी गावाजवळच्या जांभ्याच्या चिरेखाणीवर जाऊन भांडलो. त्यांनी माझ्यादेखत धुळीवर पाणी मारलं. दिवा पिवळाच. मग वाटलं, सकाळी आठ म्हणजे आंघोळीची वेळ, वाडीतल्या बंबांचा धूर वर येत असणार. घरोघर फिरलो, हातापाया पडलो. आणि काय सांगू, माझी माणसं गुणी हो! सगळ्या वाडीने बंब बंद केले आणि गार पाण्याने आंघोळी सुरू केल्या. भाईच्या आईने, ऐंशीच्या पुढची म्हातारी, अंगावर तांब्या ओतताना माझं नाव घेऊन काय काय म्हटलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

दिवा पिवळाच!

पुन्हा बाबल. "नाना, राखणदाराचा समाधान झाला नाय. एका काडीत काय होता? एवढो मोठो सडो तेचो!"

पटलं. दोन उदबत्त्या लावल्या. मग चार. मग बाबल म्हणाला धूप घाला. मी घरून धुपाटणं घेतलं, सोडणं, म्हणजे नारळाची वरची सुकी सालं, पेटवून निखारे केले, त्यावर चांगला मूठभर धूप. एका हातात धुपाटणं, एका हातात छत्री, काखेत वही, आणि असले गुडघे घेऊन रोज सडा चढायचा! पेन्शनर माणसाची ही अवस्था. छत्रीच्या आडोशाला, डब्याच्या तोंडाखाली धुपाटणं ठेवून मी डोळे मिटायचो. काय सुंदर वास सुटायचा! डोळे उघडले की दिवा लाल.

रोज लाल. मी खोटं लिहीत नव्हतो. लाल शाईने 'लाल' लिहीत होतो आणि रात्रभर कुशीवरून कुशीवर वळत होतो.

मग पत्र आलं. 'आपल्या गावची नोंद चिंताजनक असून भाजणीबंदीचा विचार करण्यात येत आहे. पथक प्रत्यक्ष पाहणीस येईल.' मी ते पडवीत वाचलं आणि खुर्चीतच खचलो. समोर भाईचा तरवा पाला पसरून तयार होता. महिनाभर वाट बघत पडला होता. वैशाख लागला होता. एखादी वळवाची सर आली असती तर सगळा पाला भिजून गेला असता.

मी गावात फतवा काढला. पाचोळा पेटवायचा नाही, चूल नाही, गोठ्यात मच्छरांसाठी धुरी नाही, विडीसुद्धा नाही! आणि लोकांनी ऐकलं हो. भाईने तीस वर्षांची विडी सोडली. गोठ्यातल्या म्हशी रात्रभर शेपट्या आपटायच्या. गावात औषधाला धूर उरला नाही.

दिवा? लाल!

"शिरा पडो त्या डब्यार!" मंदा म्हणाली. "बावडीर जाव सोय नाय माका. बायका म्हणतत, तुझ्या घोवान आमची चूल पण बंद करून घेतल्यान. मी सांगतंय तुमका, तुमी थंय जावच्या आदी आमच्याकडे सगळा बरा होता."

बघा, बाईमाणूस सहज बोलून जातं. मी मात्र चिडलो. म्हटलं, तुला सरकारी कामातलं काय कळतं?

शेवटी मॅडम आल्या. सकाळच्या गाडीने नांदगावला उतरून जीपने थेट सड्यावर. अख्खी वाडी माझ्या आधी वर जमलेली. मी धुपाटणं, छत्री आणि वही घेऊन धापा टाकत पोचलो. आभाळ असं स्वच्छ, की समुद्रावरचे ट्रॉलर दिसत होते. मॅडम एकदा समुद्राकडे बघत होत्या, एकदा हातातल्या लांबलचक कागदाकडे.

"नाना, एक गंमत आहे," त्या म्हणाल्या. "यंत्र दिवसभर माहिती पाठवतं. ती तासातासाने काढून बघितली, तर तुमच्याकडे दिवसभर हिरवं, रात्रभर हिरवं. फक्त सकाळी आठला एकदम लाल. साडेनऊ-दहापर्यंत पुन्हा हिरवं. रोज! रविवारीसुद्धा."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "मॅडम! म्हणजे कुणीतरी रोज बरोबर आठ वाजता इथे येऊन मुद्दाम धूर करतं!"

"मलाही तसंच वाटतंय. तुम्हाला कुणी दिसतं का?"

"कुणी नाही. मी स्वतः आठ ते साडेआठ इथेच असतो ना! एक चिटपाखरू नसतं."

मॅडमनी कागदावर बोट ठेवलं. "फक्त हे दोन दिवस लाल नाही."

मी वही चाळली. "त्या दोन्ही दिवशी मी भाचीच्या लग्नाला कुडाळला गेलो होतो." आणि मी वही थाडकन मिटली. "बघा! मी नसलो की तो येत नाही! म्हणजे माझ्यावर पाळत ठेवून आहे. माझं नाव खराब करायचा डाव आहे, मॅडम!"

मॅडम माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघायला लागल्या. भाईसुद्धा. मला वाटलं, माझ्या बुद्धीचं आश्चर्य वाटतंय सगळ्यांना.

"थांबा, आठ वाजले," मी म्हटलं. "आधी देवाचं करून घेतो, मग चोराचं बघू."

आणि मी नेहमीप्रमाणे धुपाटणं डब्याच्या तोंडाखाली ठेवलं. मूठभर धूप टाकला. आज पाहुणे म्हणून थोडा जास्तच. छत्री उघडली. डोळे मिटले. "हे बा राखणदारा म्हाराजा, जो कोण मेलो हडे रोज येवन धूर करता, तेका आज सगळ्यांच्या समोर उघडो पाड रे म्हाराजा!"

मी वाट बघत राहिलो. "व्हय म्हाराजा" कुणी म्हणेचना.

डोळे उघडले. दिवा हिरव्याचा पिवळा झाला. आणि सगळ्या गावासमोर, पुण्याच्या पथकासमोर, पिवळ्याचा लाल झाला.

अहो, तो दिवा कधी बदलतो हे मी आजवर बघितलंच नव्हतं! माझे डोळे मिटलेले असायचे ना.

मग भाई हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

मॅडमनी चष्मा काढला. "नाना, हे... रोज करता?"

"रोज, मॅडम. एक खाडा नाही." सवयीने तोंडातून गेलं. "सुरुवातीला एक उदबत्ती. दिवा पिवळा झाल्यावर चार केल्या. तरी तो हिरवा होईना, म्हणून धूप."

"म्हणजे दिवा जसा बिघडत गेला..."

"तसा वाढवत गेलो, मॅडम."

त्या पाठ फिरवून समुद्र बघायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. मग बाकीच्यांनी काही लाज धरली नाही. लोक कातळावर बसून हसले. बाबल गुरव, ज्याने मला धूप घालायला सांगितलं तोच, सगळ्यात जास्त! फक्त भाईची आई हसली नाही. वाडीतले लोक तिला खुर्चीत बसवून वर घेऊन आले होते, तिथून ती म्हणाली, "मेल्या, दीड महिनो थंड पाण्यान न्हायलंय मी!"

खरं सांगतो, त्या वेळी सडा दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. ह्या माणसांनी माझ्या शब्दावर बंब विझवले, विड्या सोडल्या, तरवे पाला पसरून अडकवून ठेवले. आणि राखीव जंगलाची हवा बिघडवणारा अख्ख्या पंचक्रोशीत एकच माणूस होता, तो धुपाटणं धरून उभा होता. मी भाईला म्हटलं, "भाई, चुकलंय रे." भाईने खिशातून विडी काढली, मॅडमकडे बघितलं, परत खिशात ठेवली आणि माझ्या हातातलं धुपाटणं काढून घेतलं.

मॅडम बाई मोठ्या मनाच्या. त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या डोळ्यांदेखत तरवे भाजायला लावले, वाऱ्याची दिशा बघून, वाडीवार पाळी लावून. दिवा अर्धा तास पिवळा झाला आणि पुन्हा हिरवा. पाऊस त्यानंतर चार दिवसांनी आला. सगळ्यांची रोपं यंदा गुडघाभर झाली. माझीसुद्धा.

आराखडा आता छापून आलाय. तुम्हाला वाटेल, त्यात काय असेल? आमच्या गावाच्या पानावर भाजणीबंदी नाही. पण पहिलाच उपाय असा छापलाय, 'यंत्राच्या परिसरात कोणत्याही प्रकारचा धूर करण्यात येऊ नये. स्थानिक निरीक्षक बदलण्यात यावा.' छत्तीस वर्षं इमानाने नोकरी करून सरकारी छापील कागदावर माझा पहिला उल्लेख हा! बाबल आता राखणदाराला नुसता नारळ ठेवतो, तोही शंभर पावलं लांब. वांदर आलेले नाहीत.

नवीन निरीक्षक म्हणून गावाने एकमताने मंदाची निवड केली. तिचे गुडघे ठणठणीत आहेत. रोज सकाळी ती सडा चढते आणि मी पडवीत आरामखुर्चीत पडून असतो. म्हणजे मला पाहिजे होतं ते शेवटी मिळालं, नाही का?

परवा ती वही विसरून गावात गेली, म्हणून मी चाळून बघितली. दिवा: हिरवा. समुद्र: दिसतो. डोंगर: दिसतो. आणि शेवटी शेऱ्याच्या रकान्यात, रोजच्या रोज, एकही खाडा न करता, आमच्या मंडळींच्या टपोऱ्या अक्षरात एकच ओळ: 'आज हे घरीच आहेत. हवा स्वच्छ.'